पडद्याच्या तळाची ओळ

हुडकेश्वर, नागपूर
रविवार

प्रिय दादा,

तुझ्या नव्या फ्लॅटमधल्या सिनेमाच्या खोलीची यादी ह्यांनी मला वाचून दाखवली. भिंतींना काळा रंग, मागे फोम, मागे कलणाऱ्या खुर्च्या, सात स्पीकर आणि एक वूफर. वाचताना ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. शेवटी तू विचारलं आहेस, "तुम्ही लॉकडाऊनमध्ये गच्चीवर थिएटर केलं होतं ना, काही सुचव." फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते.

आमचं काही ठरवून झालं नव्हतं. 13 मार्च 2020, शुक्रवार. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की मुंबई-पुण्यासोबत नागपूरचीही थिएटरं मध्यरात्रीपासून बंद. इरफानचा 'अंग्रेजी मीडियम' नेमका त्याच दिवशी लागला होता आणि पोरींनी शनिवारची तिकिटं काढून ठेवली होती. बाबा तेव्हा आमच्याकडे होते, पाडव्याला तुझ्याकडे परतायचे होते. पाडवा 25 मार्चला आला आणि त्याच दिवशी सगळा देश बंद झाला. रेल्वे त्याआधीच थांबली होती.

प्रोजेक्टर ह्यांच्या क्लासचा. क्लासला कुलूप लागलं, तेव्हा उंदीर वायर कुरतडतील म्हणून तो घरी आणून ठेवला होता. नवीन काही मागवायची सोयच नव्हती; तेव्हा किराणा आणि औषधं सोडून काही घरपोच येत नव्हतं. आधी हॉलमध्ये लावून पाहिला. पण आठ फुटांचं चित्र हवं तर यंत्र चौदा-पंधरा फूट मागे लागतं आणि आमचा हॉल दहा बाय बारा. शिवाय नागपूरचा उन्हाळा तुला माहीत आहे: कूलर लावला की संवाद ऐकू येत नाहीत, बंद केला की माणूस बसत नाही. म्हणून गच्ची.

पहिल्या रात्री दोरीवर पांढरी चादर टांगली. वारा आला की नायकाचं नाक लांब व्हायचं, आणि निम्मा उजेड चादरीतून पलीकडच्या नारळावर पडायचा. मग ह्यांनी जिन्याच्या खोलीच्या भिंतीला चुन्याचे दोन हात दिले. त्या भिंतीइतका चांगला पडदा तुला दुकानात सहज मिळणार नाही, हे तुझ्या यादीत कुठेतरी लिहून ठेव. खरा त्रास उष्णतेचा. यंत्राच्या पुस्तकात 35 अंशांच्या वर वापरू नका असं छापलं होतं, आणि एप्रिल संपता संपता इथे रात्री नऊलाही त्याहून जास्त असतं. संध्याकाळी स्लॅबवर बादल्या ओतायच्या, मग सतरंज्या, आणि टेबलफॅन माणसांना नाही, प्रोजेक्टरला.

नऊ वाजता दुसरी अडचण. दूरदर्शनने 28 मार्चपासून 'रामायण' पुन्हा सुरू केलं होतं, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. सासूबाई त्यावेळी जागच्या हलत नसत. शेवटी सेटटॉप बॉक्सच वर नेला. भिंतभर रावण दिसल्यावर शेजारच्या गच्च्यांवर डोकी उगवली. आमच्या ले-आउटमध्ये घरं इतकी खेटून आहेत की दोन मीटरचं अंतर गच्च्यांनीच पाळलं. पलीकडच्या काकू कठड्यावरून ओरडल्या, "आवाज वाढवा ना जी, सीता काय म्हणून राहिली काही समजत नाही!" 1987 मध्ये आपल्या वाड्यात एकाच घरी टीव्ही होता आणि रविवारी त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा, तो मला त्या रात्री आठवला. रामायण संपलं की दहा वाजता आमचा सिनेमा.

आता मुद्द्याचं. 29 एप्रिलला इरफान गेला, दुसऱ्या दिवशी ऋषी कपूर. पोरी म्हणाल्या, आज इरफानचा 'लंचबॉक्स'. थोरलीने सहज इंग्रजी सबटायटल्स सुरू केली, कारण काकूंनी मागितलेला आवाज मागच्या गल्लीतल्या आजारी माणसाला नको होता. बाबा नेहमीप्रमाणे मागच्या खुर्चीत. थोड्या वेळाने ते खुर्ची उचलून पुढे आले आणि अगदी भिंतीजवळ बसले.

तो सिनेमा आठवून बघ. निम्मी गोष्ट चिठ्ठ्यांत आहे आणि चिठ्ठी वाचणाऱ्याचे ओठ हलत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी तर फक्त आवाज, भारती आचरेकरांचा. त्या एकदाही दिसत नाहीत. ज्याला ओठ बघून बोलणं कळतं, त्याच्यासाठी ती बाई सिनेमात नाहीच. बाबा आंटीच्या प्रत्येक वाक्याला हसत होते, आमच्या अर्धा सेकंद आधी, कारण ते वाचत होते.

मध्यंतरात (मध्यंतर आम्ही सक्तीचं ठेवलं होतं, चिवडा आणि पन्हं) ते सहज बोलले. श्रवणयंत्र शिट्टी मारतं म्हणून ते कानात घालत नाहीत. मल्टिप्लेक्समध्ये कित्येक वर्षं ते बाजूचे हसले की हसतात. तू तिकीट काढतोस, तुला वाईट वाटू नये म्हणून येतात. वर मला म्हणाले, "बोलपट आला 14 मार्च 1931 ला, 'आलम आरा'. त्याआधी फाळक्यांच्या काळात सगळं थिएटर पाट्या वाचत होतं. तुमची थिएटरं बंद झाली तीही 14 मार्चपासूनच. हिशेब बरोबर झाला म्हणायचा." आणि पन्ह्याचा दुसरा ग्लास मागितला.

हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण ते सांगण्याचा हक्क त्यांचा होता. आता त्यांनीच परवानगी दिली आहे.

पुढचं थोडक्यात. नोव्हेंबर 2020 मध्ये थिएटरं निम्म्या खुर्च्यांवर उघडली, एप्रिल 2021 मध्ये पुन्हा बंद. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या त्या एप्रिलमध्ये आम्ही प्रोजेक्टरला हात लावला नाही. तेव्हा नागपुरात रात्री काय ऐकू येत होतं ते तुला ठाऊक आहे.

तर तुझी यादी. वरखाली काळे पट्टे दिसू नयेत म्हणून तू लांबट, सिनेमास्कोप पडदा घेणार आहेस. नको. सबटायटल्स बऱ्याचदा त्या खालच्या पट्ट्यातच पडतात. लांबट पडद्यावर ती कापली जातील किंवा भिंतीच्या काळ्या रंगावर जातील. क्लासचा आमचा प्रोजेक्टर जुना, चौकोनी चित्राचा. त्याचे पट्टे भरपूर रुंद, म्हणून बाबांना अक्षरं स्वच्छ दिसली. पडदा साधा 16:9 घे, जमिनीपासून इतका वर की पुढच्याचं डोकं तळाच्या ओळीवर येणार नाही. अक्षरं मोठी, पिवळी. सात स्पीकरांतले चार आज घेऊ नकोस. मधला, संवादाचा, मात्र चांगला घे, कारण वहिनी आणि पोरं ऐकणारी आहेत. रिमोट बाबांच्या हाताशी.

खोलीची लांबी-रुंदी कळव, यंत्र किती मागे लागेल ते हे काढून देतील. आणि पहिला सिनेमा बाबांना निवडू दे. ते 'लंचबॉक्स'च म्हणतील, म्हणजे त्या रात्री तुझ्या वूफरला काही काम नाही.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी धाकटी