झाडूगाडी जाईपर्यंत

आपल्या मंडळातली काही मुलं हल्ली रविवारी पहाटे सायकली काढतात आणि चोर्ल्यापर्यंत जाऊन परत येतात. त्यांतल्या एकीनं परवा गाठून विचारलं, ''ताई, तू टूर द फ्रान्सचा शेवट प्रत्यक्ष बघितलायस ना? आम्ही जायचं म्हणतोय. कुठं उभं राहायचं सांग.'' दोन वाक्यांत उत्तर देता येईना, म्हणून हे लिहायला घेतलं.

२०२२चा जुलै. दादा आइंडहोव्हनला नोकरीला, म्हणून आई-बाबा आणि मी महिनाभर त्याच्याकडे होतो. बाबा तेव्हा ६९ वर्षांचे. बेळगावात ते सत्तरीतही भाजी आणायला सायकलच काढणार हे तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत आहे. दादानं विचारलं, ''बाबा, पॅरिसला काय बघायचं?'' तर आयफेल टॉवर राहिला बाजूला, म्हणाले, ''ती शर्यत संपते ना तिथं, ते बघू.'' आई आणि वहिनी म्हणाल्या, सायकली बघायला एवढं लांब कोण जातंय, तुम्ही तिघं जा. आईनं दशम्या, लसणाची चटणी आणि बेळगावहून आणलेल्या कुंद्याचा उरलेला डबा बांधून दिला.

तारीख होती २४ जुलै. नेमका त्या दिवशी दुहेरी कार्यक्रम होता. पुरुषांच्या शर्यतीचा २१वा, म्हणजे शेवटचा टप्पा संध्याकाळी, आणि त्याआधी दुपारी 'टूर द फ्रान्स फाम' या नव्यानं सुरू झालेल्या स्त्रियांच्या शर्यतीचा पहिलावहिला टप्पा. तो आयफेल टॉवरपासून निघून शाँझेलिझेवरच संपणार होता. शाँझेलिझे म्हणजे काँकॉर्ड चौकापासून विजयकमानीपर्यंत चढत जाणारा तो प्रसिद्ध रुंद रस्ता. १९०३ साली सुरू झालेली ही शर्यत १९७५पासून इथं संपते. डांबर नाही, दगडी फरसबंदी. टीव्हीवर सपाट दिसतो, पण प्रत्यक्षात चढ चांगला जाणवतो.

आता आमची पहिली चूक सांगते. शेवट बघायचा म्हणजे शेवटच्या रेषेजवळच उभं राहायचं, अशी माझी समजूत. सकाळी दहालाच मी दोघांना नेऊन लोखंडी कठड्याला उभं केलं. सावली नाही, बसायला जागा नाही, आणि एकदा कठडा सोडला की मागचा माणूस तिथं उभा राहिलाच म्हणून समजा. तास गेले. मग साडेतीनच्या सुमारास तो क्षण आला. एक रंगीत झोत, वाऱ्याचा धक्का, चाकांचा खडखडाट, संपलं. लोरेना वीबेसनं मारियान व्होसला मागं टाकून टप्पा जिंकला हे आम्हाला मोठ्या पडद्यावरून कळलं. माझ्या मोबाईलमध्ये पुढच्या माणसाची टोपी आली होती. आणि बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. दादानं त्यांना मागच्या झाडाखाली बसवून डोक्यावर पाणी मारलं. मी काही बोलले नाही, पण आपण फोटोच्या हौसेपायी यांना उन्हात पाच तास उभं केलं, हे चांगलंच लागलं.

मी म्हटलं, हॉटेलवर जाऊ, टीव्हीवर बघू. बाबा म्हणाले, ''टीव्ही बेळगावात आहे की. वळण कुठं आहे ते बघ. सायकल वळणावर बघायची असते.''

हाच सगळ्यात महत्त्वाचा सल्ला, आणि तो माझा नाही. सरळ रस्त्यावर शेवटच्या धावेत हे लोक ताशी ६०-७० किलोमीटरनं जातात, तिथं डोळ्यांना काही लागत नाही. वळणावर त्यांना वेग कमी करावाच लागतो. चेहरे दिसतात, ब्रेक ऐकू येतात, कोण कुणाच्या मागं लपलाय ते कळतं. दादानं नकाशा काढला. त्या वर्षी पुरुष पॅरिसमध्ये पोचल्यावर जवळजवळ सात किलोमीटरच्या वर्तुळाला आठ फेऱ्या मारणार होते. शाँझेलिझे उतरून काँकॉर्ड, तिथून नदीकाठानं एका बोगद्यात, बोगद्यातून वर आलं की पिरामिड चौकात जोन ऑफ आर्कचा सोनेरी घोड्यावरचा पुतळा, त्याच्याशी डावीकडे वळून रिव्होली रस्ता, आणि पुन्हा शाँझेलिझे. आम्हाला तो पुतळ्याचा कोपरा हवा होता. सुदैवानं आम्ही मार्गाच्या उत्तर बाजूलाच होतो, त्यामुळे मागच्या गल्ल्यांतून हळूहळू चालत गेलो. दक्षिणेला असतो तर अडकलो असतो, कारण एकदा कठडे लागले की रस्ता ओलांडू देत नाहीत. तुईलरी बाग तर त्या वर्तुळाच्या पोटातच आहे. तेव्हा आधी बाजू ठरवा आणि मगच मेट्रोतून उतरा. मार्गालगतची काही स्थानकं त्या दिवशी बंद ठेवतात, म्हणून ऑपेराला उतरून चालत येणं बरं.

रिव्होली रस्त्याच्या उत्तर अंगाला दुकानांपुढं लांबच लांब कमानींचा ओटा आहे. आपल्याकडच्या जुन्या पेठेतल्या पडवीसारखाच, फक्त भव्य. सावली! बाबा एका खांबाच्या पायथ्याशी बसले, दशमी खाल्ली, आणि रंग परत आला. शेजारी डेन्मार्कचं एक वयस्कर जोडपं लाल-पांढरे झेंडे घेऊन उभं होतं. त्या वर्षी शर्यतीची सुरुवातच कोपनहेगनला झाली होती आणि पिवळा सदरा, म्हणजे एकूण वेळेत सर्वांत पुढं असलेल्याचा मान, योनास विंगेगोर या त्यांच्या मुलाकडे होता. १९९६च्या ब्यार्न रीसनंतर पहिल्यांदाच डॅनिश माणूस जिंकत होता. विंगेगोर पूर्वी मासळीच्या कारखान्यात काम करायचा, सकाळी मासे आणि दुपारी सायकल, हे त्या आजींनी सांगितल्यावर बाबांनी कुंद्याचा डबाच त्यांच्यापुढं धरला. आजोबांनी दोनदा घेतला.

वाट बघण्यातही क्रम असतो, तो माहीत असला की कंटाळा येत नाही. बऱ्याच आधी जाहिरातींच्या चित्रविचित्र गाड्यांची मिरवणूक जाते, ही प्रथा १९३०पासूनची. मग बराच वेळ काही नाही. मग आकाशात हेलिकॉप्टर. ते ऐकू आलं की पाणी पिऊन घ्या आणि जागा धरा. पोलिसांच्या मोटारसायकली, संचालकांची लाल गाडी, आणि मग ते.

शेवटच्या दिवशी पिवळ्या सदऱ्याशी कुणी भांडत नाही, असा रिवाज आहे. शहराबाहेर गप्पा मारत, शॅम्पेनचे पेले उंचावत येतात. शहरात शिरताना विजेत्याचा संघ पुढं. पण फेऱ्या सुरू झाल्या की टप्पा जिंकण्यासाठी जीव तोडून पळतात. एकदा मात्र हा रिवाज नव्हता. १९८९ला शेवटचा टप्पा एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध पळायचा होता, आणि तीन आठवड्यांच्या शर्यतीत ग्रेग लेमाँडनं लोराँ फिन्योंला अवघ्या ८ सेकंदांनी हरवलं.

आमच्या कोपऱ्यावर दर आठ-नऊ मिनिटांनी ते यायचे. पहिल्या फेरीला मी मोबाईल धरून होते. दुसऱ्या फेरीला बाबा म्हणाले, ''खाली ठेव आणि ऐक.'' बोगद्यातून आधी आवाज वर येतो, कुठं लांब पाऊस पडायला लागल्यासारखा. मग एकदम सगळे बाहेर, वाकलेले, गुडघे बाहेर काढून वळणारे. गिअर पडल्याची टकटक. रबराचा वास. तिसऱ्या फेरीपर्यंत मला रंग ओळखता यायला लागले. हिरवा सदरा गुणांचा, ठिपक्यांचा घाटाच्या राजाचा, पांढरा तरुणांत पहिल्या असलेल्याचा. बाबा मात्र पुढच्यांकडे बघतच नव्हते. ते शेपटीकडे बघायचे, सर्वांत मागं कोण आहे ते. मग संघांच्या गाड्या, टपांवर सायकली लावलेल्या, आणि अगदी शेवटी ती गाडी, जिच्यामागं शर्यत संपते. तिला तिकडे झाडूगाडी म्हणतात. थकून उतरलेल्यांना गोळा करत येते म्हणून. पूर्वी तिला खरोखरच केरसुणी बांधलेली असायची. आणि एकूण क्रमवारीत शेवटच्या माणसाला म्हणतात लाल कंदील, आगगाडीच्या शेवटच्या डब्याला असतो तसा.

''म्हणजे शेवटच्यालाही नाव आहे,'' बाबा म्हणाले.

आमच्या घरी एक गोष्ट काका नेहमी चेष्टेनं सांगतात. १९७३ साली गोकाकच्या बाजूला एका गावच्या जत्रेत सायकलची शर्यत होती. बाबा वीस वर्षांचे, सायकल हर्क्युलिस, मडगार्ड आणि कॅरिअर काढून हलकी केलेली. चार किलोमीटर राहिले असताना चेन तुटली. सायकल खांद्यावर घेऊन हे चालत पोचले तोवर बक्षिसं वाटून झाली होती आणि मांडव सोडत होते. एवढं सांगून काका हसतात. त्या खांबाशी बसून बाबांनी पुढचं सांगितलं, जे मी कधी ऐकलं नव्हतं. मांडवाच्या बांबूंपाशी आजोबा एकटे उभे होते. गाडी चुकली तरी थांबले होते. काही बोलले नाहीत, फक्त सायकल स्वतःच्या खांद्यावर घेतली.

आणि तरीही, बघा, दोन फेऱ्या राहिल्यावर मला राहवेना. एवढ्या लांब येऊन शेवट नाही बघायचा? मी म्हटलं, ''मी जाऊन येते.'' दादा वैतागला. बाबा म्हणाले, ''जा. मी झाडूगाडी जाईपर्यंत इथंच आहे.'' पुतळ्याशी भेटायचं ठरलं. हे आधी ठरवाच, गर्दीत फोन लागत नाही.

मी मागच्या रस्त्यांनी धावत सुटले. शाँझेलिझेला पोचले ती पाच रांगांच्या मागं. घंटा झाली, आरडाओरडा झाला, सगळे हात वर गेले, आणि मला दिसले ते फक्त मोबाईल. यास्पर फिलिप्सननं टप्पा जिंकला होता. दिवसात दुसऱ्यांदा मी काहीच बघितलं नव्हतं. पण धाव संपताच माणसं हात खाली करून पांगायला लागली, आणि मोकळ्या झालेल्या फटीतून मी कठड्याशी पोचले. तेव्हा रस्त्यावर मागून पिवळा सदरा आला. विंगेगोर आणि त्याचे साथीदार एका ओळीत, खांद्याला खांदा लावून, अगदी निवांत. दुसऱ्या क्रमांकावरच्या पोगाचारवरची त्याची आघाडी ३ मिनिटं ३४ सेकंदांची होती, ती या रमतगमत येण्यानं २ मिनिटं ४३ सेकंदांवर आली. ५१ सेकंद त्यानं मित्रांबरोबर येण्यासाठी सोडून दिले. ज्यांनी लगेच पाठ फिरवली त्यांना हे दिसलंच नाही.

कठड्याबद्दल एक बजावून सांगते. हात, झेंडा, मोबाईल, काहीही आत काढू नका. १९९४ला आर्मांतियेरच्या शेवटच्या रेषेजवळ फोटो काढायला वाकलेल्या पोलिसामुळेच मोठा अपघात झाला, आणि २०२१ला पहिल्याच टप्प्यात आजी-आजोबांना नमस्कार लिहिलेली पाटी रस्त्यात धरणाऱ्या बाईमुळे शर्यतीतले कितीतरी जण एकमेकांवर कोसळले.

आणि जाण्याआधी त्या वर्षीचा मार्ग नीट बघा. २०२४ला ऑलिम्पिकमुळे शेवट पॅरिसमध्ये नव्हताच, नीसला होता. २०२५ला मोंमार्त्रची अरुंद चढण तीनदा घातली, आणि पावसात वाउट व्हान आर्टनं तिथूनच सगळ्यांना मागं टाकून टप्पा जिंकला. सायकल चढावर आणखी हळू जाते, तेव्हा मी आता गेले तर तिथंच उभी राहीन. पण गल्ली अरुंद, गर्दी दाट. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर रिव्होलीच्या कमानी सोडू नका.

मी पुतळ्याशी परतले तेव्हा कठडे काढायला सुरुवात झाली होती. उन्हं अजून होती, जुलैत तिथं रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. डॅनिश आजी-आजोबा गेले होते, जाताना एक झेंडा बाबांना देऊन. १७६ निघाले होते, त्यांतल्या शेवटच्या क्रमांकाच्या कॅलेब युअनचं नाव दादानं मोबाईलवर शोधून त्यांना सांगितलं होतं. ''गेला तो इथून,'' बाबा म्हणाले, ''टाळ्या वाजवल्या आम्ही चौघांनी.'' चौघं म्हणजे हे दोघे आणि ते डॅनिश जोडपं. त्यांनी टाळ्या वाजवल्या तो नेमका युअनच होता की दुसराच कुणी, हे मी विचारलं नाही.

रस्ता मोकळा झाल्यावर बाबा फरसबंदीवर उतरले, वळणाच्या आतल्या बाजूला गेले आणि बुटानं दगड दाबून बघितले.

''ह्याच्यावर आपली हर्क्युलिस टिकली नसती,'' म्हणाले. ''चेन पहिल्याच फेरीला गेली असती.''