पाण्यावरचा भाड्याचा घोडा

ज्या वस्तूचे मालक होण्याचा योग आपल्या पत्रिकेंत नाहीं, ती घटकाभर भाड्यानें घेण्यांत एक निराळीच मौज असते. लहानपणीं ताशीं भाड्यानें मिळणारी सायकल, महाबळेश्वरचा घोडा, चौपाटीवरची घोडागाडी, या साऱ्यांनीं मध्यमवर्गीय माणसाला मालकीची चिंता न देतां मालकीचा तोरा मात्र पुरेपूर दिला आहे. भाड्याच्या घोड्याला दाणावैरण घालावी लागत नाहीं, त्याच्या आजारपणांत रात्र जागावी लागत नाहीं. आणि तो स्वारापेक्षां धन्याचेंच अधिक ऐकतो, ही गोष्ट फोटोंत दिसत नाहीं! याच जातीचा एक नवा घोडा अलीकडे समुद्रकिनाऱ्यावर उभा असलेला दिसतो. त्याला जेट स्की म्हणतात.

गेल्या डिसेंबरांत आमचें बिऱ्हाड चार दिवसांसाठीं तारकर्लीस जाऊन राहिलें होतें. आम्ही पडलों देशावरचे. समुद्र म्हणजे दुरून नमस्कार करण्याची, फार तर घोट्याइतक्या पाण्यांत उभें राहून पाय भिजविण्याची जागा, अशी आमच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. ज्या समाजानें एके काळीं समुद्रोल्लंघन निषिद्ध ठरविलें, त्याच समाजांत १६६४ सालीं मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घालणारा आणि १६६७ पर्यंत तो बांधून पुरा करणारा राजाही होऊन गेला. परंतु या दोन वारशांपैकीं पहिलाच आमच्या वांट्यास आला असावा. म्हणून कॉलेजांत शिकणाऱ्या आमच्या कन्येनें जेट स्कीचा हट्ट धरला, तेव्हां आम्हीं हवामान, प्रकृति आणि खर्च या तिन्ही दिशांनीं तिचें मन वळवून पाहिलें. ती इतकेंच म्हणाली, "बाबा, आधीं तुम्ही बसून पाहा. तुम्ही परत आलांत, कीं मग मी बसेन." या युक्तिवादाला उत्तर नव्हतें.

दहा मिनिटांचें भाडें ठरलें. वाहनाचा धनी पंचविशीचा एक सांवळा तरुण होता. त्यानें आमच्या अंगांत तरंगतें जाकीट चढविलें, त्याचे पट्टे आमच्या पोटाचा मुलाहिजा न ठेवतां आवळले आणि वाहनाला जोडलेली एक दोरी आमच्या मनगटांत अडकविली. स्वार पाण्यांत पडला तर ही दोरी सुटते आणि इंजिन तत्काळ बंद होतें. मग तो गंभीरपणें म्हणाला, "काका, खोल पाण्यांत गेल्यावर दांडी तुमच्या हातांत देईन, मी मागें बसेन. पण एक ध्यानांत धरा. समोर होडी दिसली, तर घाबरून खटका सोडूं नका. सोडलात, तर ही वळणार नाहीं, सरळ होडीवरच जाईल. दुरूनच वेग कमी करा, थोडी चालू ठेवा आणि वळवा."

हें ऐकून आम्ही चकित झालों. संकट दिसतांच वेग सोडावा, हें शहाणपण आम्ही जन्मभर ऐकत आलों होतों. परंतु या यंत्राची रचनाच अशी आहे, कीं तेथें हें शहाणपण चालत नाहीं. याला सुकाणूं नाहीं, कीं बाहेर फिरणारा पंखाही नाहीं. पोटाखालच्या तोंडांतून आंतला पंखा पाणी ओढून घेतो आणि मागच्या तोटींतून तें जोरानें फेंकतो. पाणी मागें जातें, वाहन पुढें जातें. न्यूटनचा तिसरा नियम शाळेंत आम्हीं घोकला होता, पण त्यावर बसून जाण्याचा प्रसंग आला नव्हता. दांडी फिरविली कीं ती तोटी फिरते, धारेच्या रेट्यानें वाहनाची मागची बाजू एकीकडे सरकते आणि तोंड दुसरीकडे वळतें. म्हणजे जी धार पुढें नेते तीच वळवितेही. धार थांबली, कीं वळणेंही थांबतें. मात्र आधींच्या वेगाचा जोर शिल्लक असतो, आणि तो वाहनाला नाकासमोर नेतो. कांहीं नव्या यंत्रांत यावर थोडीबहुत तोड काढलेली असते. आमच्या घोड्यांत ती नव्हती.

ही कल्पना मूळची क्लेटन जेकबसन नांवाच्या अमेरिकन मोटारसायकलस्वाराची. जपानच्या कावासाकी कंपनीनें १९७२-७३ च्या सुमारास असें वाहन बाजारांत आणलें, तेव्हां त्यावर उभें राहावें लागे. बसण्याची ऐष नव्हती. 'जेट स्की' हें त्या कंपनीचें व्यापारी नांव; पण डालडाप्रमाणें तें पुढें साऱ्या जातीचेंच नांव होऊन बसलें.

किनारा मागें पडला. प्रत्येक लाट खालून धक्का देई आणि दांत एकमेकांवर आपटत. खोल पाण्यांत त्या तरुणानें दांडी आमच्या स्वाधीन केली. आम्हीं खटका हळूच दाबला. घोडा उधळला नाहीं, समजूतदारपणें निघाला. इतक्यांत उजवीकडून एक मासेमारी होडी आडवी येतांना दिसली. ती बरीच दूर होती. पण भीतीला अंतराचें गणित कळत नाहीं. बोट खटक्यावरून निसटूं पाहत होतें. मागून शांत आवाज आला, "काय्येक होवचा नाय. चालू ठेवा. आतां वळवा." आम्हीं वेग उतरविला, पण सोडला नाहीं. तोंड हळूहळू डावीकडे वळलें आणि होडी बाजूनें निघून गेली. तिच्यावरच्या माणसानें हात वर केला. तो अर्थातच आमच्यासाठीं नव्हता, मागें बसलेल्या गांवकऱ्यासाठीं होता.

उतरल्यावर पाय कांपत होते, म्हणून सुरूच्या सावलींत बसलों. तेथें एक वृद्ध गृहस्थ फाटलें जाळें सांधत होते. ते त्या तरुणाचे वडील. त्यांची हयात रापणींत गेली. होडींतून जाळें अर्धवर्तुळांत सोडायचें, त्याचीं दोन्ही टोकें किनाऱ्यावरच्या माणसांनीं ओढायचीं आणि मिळेल तो मासा वांटून घ्यायचा, अशी ही रापण. पुढें मासा कमी झाला, ओढणारीं माणसेंही पांगलीं. मुलानें एका मित्राबरोबर कर्ज काढून हें वाहन घेतलें. पावसाळ्यांत तें बंद. वर्षाचा खर्च आणि कर्जाचा हप्ता उरलेल्या महिन्यांत काढायचा. "रापण अगदीं बंद पडेपर्यंत थांबलों असतों, तर कर्ज कोणी दिलें असतें?" तो म्हणाला. वडिलांना हा धंदा आवडत नाहीं. "ह्येच्या आवाजान मासो पळता," असें ते जाळ्यावरची नजर न उचलतां म्हणाले. तरीही वारा आणि पाण्याची ओढ पाहून आज कुठवर जावें, हें रोज सकाळीं मुलाला तेच सांगतात. आम्हीं भाडें यंत्राचें दिलें. पण त्यांत या वृद्धाच्या डोळ्यांचेंही भाडें होतें, आणि तें पावतीवर कोठें लिहिलेलें नव्हतें.

त्या तरुणानें पाण्यावर जें शिकविलें, तेंच त्यानें आधीं आयुष्यांत केलें होतें. धंद्याला थोडी गति होती, तोंवरच त्यानें तोंड वळविलें. आमच्या पांढरपेशा घरांत रीत उलट आहे. अडचण दिसली, कीं वडीलधारीं माणसें म्हणतात, "आधीं थांब, मग काय तें पाहूं." नापास झालेला मुलगा अभ्यासच सोडतो; पेन्शनीत निघालेला गृहस्थ वाचन, फिरणें, गांठीभेटी सारें एकदमच आवरतें घेतो; आणि दोघांनाही वाटतें, कीं आपण सुरक्षित जागीं उभे आहों. पण काळाचा जोर कांहीं थांबत नाहीं. तो आपल्याला नाकासमोर नेतच असतो. वळण्याचें साधन तेवढें आपण हातचें सोडलेलें असतें. याचा अर्थ घोडा भरधांव सोडावा, असा मुळींच नाहीं. दुरूनच वेग उतरवावा, हा त्या तरुणाच्या शिकवणीचा पहिला भाग होता. तो विसरून दुसराच भाग लक्षांत ठेवणारे लोक होड्यांवर आदळतात. उतरविणें आणि सोडणें, यांतला फरक तेवढा ओळखतां आला पाहिजे. आणि तो खुर्चीवर बसून ओळखणें फार सोपें आहे, हेंही आम्ही जाणून आहों.

मग कन्येची पाळी आली. जाकीट चढलें, दोरी मनगटाला अडकली, आणि आमच्या ओंठांवर घराण्याचा जुना मंत्र आला, "थांब!" तो आम्हीं गिळला आणि ओरडून म्हटलें, "हळू जा, पण सोडूं नकोस!" इंजिनाच्या आवाजांत तें तिला ऐकूं गेलें नाहीं. शेजारीं वृद्धाच्या हातांतली सुई थांबली होती. दूर जाणाऱ्या त्या वाहनाकडे तेही पाहत होते; आम्ही पुढें बसलेल्या मुलीकडे, ते मागें बसलेल्या मुलाकडे.