धुरळणी

धुरळणी करायची ती दव असतानाच. ऊन चढलं, पानं वाळली की भुकटी चिकटत नाही, वाऱ्यावर जाते. आमच्या बदनापूरकडच्या शेतात आजोबा विरळ फडक्यात सेविन बांधायचे आणि कपाशीच्या ओळीतून चालताना ती पुरचुंडी काठीनं हलकेच झोडपत जायचे. तोंडाला उपरणं, एवढीच खबरदारी. बांधावर परतले की भुवया पांढऱ्या झालेल्या असत. रिकामा डबा आजीनं घासूनपुसून बी ठेवायला घेतला होता. पत्रा चांगला जाड होता.

हे औषध येतं कुठून, असं घरात कुणी विचारलं नाही. दुकानातून येतं, उधारीवर येतं, एवढं पुरे होतं.

येत होतं ते भोपाळहून. युनियन कार्बाइडचा तिथला कारखाना १९६९ चा. सेविनसाठी लागणारं मिथाइल आयसोसायनेट आधी अमेरिकेतून यायचं, १९८० पासून तिथंच बनू लागलं. पुढे माल हवा तसा खपेना. तोट्यातला कारखाना काटकसर कुठे करतो? जिथे रोजच्या रोज काही दिसत नाही तिथे. टाकीतलं हे रसायन थंड ठेवणारी यंत्रणा जून १९८४ मध्ये बंद केली. गळती झालीच तर वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप गंजला म्हणून काढून ठेवलेला. राजकुमार केसवानी नावाचा स्थानिक पत्रकार १९८२ पासून लिहीत होता की हे शहर ज्वालामुखीवर बसलंय. वाचलं असेल लोकांनी, आपण वाचतो तसंच.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० नंबरच्या टाकीत पाणी शिरलं आणि सुमारे ४० टन विष बाहेर पडलं. हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत सरकत थेट झोपड्यांत घुसलं. माणसं पळत सुटली आणि धापा टाकत तेच छातीत भरून घेत राहिली. ओलं फडकं तोंडावर धरा, एवढंही त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. सरकारी आकडा आधी २,२५९ होता, मग ३,७८७ झाला. भोपाळची माणसं तो कधीच मानत नाहीत. १९८९ ची तडजोड ४७ कोटी डॉलरची. बहुतेकांच्या हाती पडले २५ हजार रुपये. २०१० मध्ये शिक्षा झाली ती दोन वर्षांची, लगेच जामीनही.

सचखंड एक्सप्रेस आमच्या जालन्याहून थेट भोपाळला जाते. कारखान्यालगतच्या वस्तीत मी गेलो तेव्हा एका हापशाजवळ बराच वेळ उभा होतो. पाणी पिऊ नये म्हणून त्याला फासलेल्या लाल रंगाचे पोपडे निघाले होते, दांडा मात्र हातांनी गुळगुळीत झालेला. नळ येण्याआधी वर्षानुवर्षं लोक हेच पाणी प्यायले. वायूतून वाचलेल्यांना जमिनीनं गाठलं. भोपाळचं दुःख परक्या गावचं, असं मला तिथे म्हणवेना. ती टाकी आमच्या बोंडअळीसाठीच तर भरली होती.

सेविनमधल्या कार्बारिलवर आपल्याकडे बंदी आली ऑगस्ट २०१८ मध्ये. त्याच्या आदल्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले होते. औषधं वेगळी, पीक तेच. आणि दोष पुन्हा पंप पाठीवर घेणाऱ्याचा: मास्क का नाही लावला? ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याएवढ्या कपाशीत लावून बघावा एकदा.

भोपाळच्या आवारात पडून असलेला ३३७ टन कचरा हलायला २०२५ साल उजाडलं. बारा कंटेनर रातोरात पिथमपूरला गेले, तिथल्या लोकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला, तरी तो जाळला गेला. जाळताना चुना घालावा लागतो, म्हणून मागे उरली ती आठशे टनांहून जास्त राख आणि गाळ. ती कुठे पुरायची यावर वाद कोर्टात गेला. भोपाळच्या मातीत मुरलेलं तर या ३३७ टनांत धरलेलंच नव्हतं.