त्रेपन्न जुमे, एकेक मिनिट

२०२१ हे साल शुक्रवारी सुरू झाले आणि शुक्रवारीच संपले. त्यामुळे त्या वर्षात ५२ नव्हे, ५३ जुमे आले. आम्ही दोघी नणंद-भावजयींनी आणि आमच्या मुलांनी प्रत्येक जुम्याला एक मिनिटाचा एक व्हिडिओ करायचा, असे ठरवले होते. विषय एकच होता : आपल्या सातारा-सांगलीकडची पावले. लेझीम, झिम्मा-फुगडी, धनगरी गजी, करबल. या गोष्टीला आता काही वर्षे झाली. तरी नात्यातल्या भगिनी अजून विचारतात, "आमच्या घरी मोबाइलवरून रोज भांडणं होतात, तुम्ही कसं केलंत?" म्हणून हे दोघींनी मिळून लिहिले आहे.

आमच्यापैकी एक साताऱ्यात सदर बझारमध्ये राहते आणि शाळेत मुलींना शारीरिक शिक्षण शिकवते. दुसरी सांगलीत मारुती चौकाच्या खालच्या अंगाला राहते आणि घरीच शिलाई करते. मध्ये साधारण १२० किलोमीटरचे अंतर. नदी मात्र एकच. माहुलीला वेण्णेला आणि कराडला कोयनेला पोटात घेऊन कृष्णा सांगलीत आयर्विन पुलाखाली येते. त्या वर्षी या नदीनेही आमच्या यादीत एक ओळ कोरी ठेवली, ते पुढे येईलच.

सुरुवात वादातून झाली. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप बंद केली. पण महिन्याभरात इन्स्टाग्रामचे रील्स आले, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स आले. शाळा बंद होत्या, अभ्यासासाठी मोबाइल मुलांच्या हातात होता. साताऱ्याची मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. तिला नाचाचे व्हिडिओ करायचे होते. "सगळ्या मैत्रिणी करतात," ती म्हणायची. वडील म्हणाले, मोबाइल काढून घ्या. अम्मी म्हणाल्या, आपल्या घरात नाच शोभत नाही. आठ दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोलत नव्हते.

तो अबोला अब्बांनी मोडला. अब्बा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, बोलणे मोजके. त्यांनी नातीला एवढेच विचारले, "बेटा, तुला नाचायचंय की दिसायचंय?" तिने लगेच उत्तर दिले नाही. दोन दिवसांनी म्हणाली, "नाचायचंय. पण कुणी बघितलं तर बरं वाटेल." एवढे खरे उत्तर ऐकल्यावर नुसते 'नाही' म्हणणे आम्हाला जमेना.

अम्मींची शंका दीनची होती, आणि ती टाळण्यासारखी नव्हती. घरातल्या पुरुषांनी ती मोहल्ल्यातल्या एका जाणत्या बुजुर्गांपुढे ठेवली. त्यांनी ईदच्या दिवशी मस्जिद-ए-नबवीत हबशी लोकांनी केलेल्या भाल्यांच्या खेळाची आठवण करून दिली. हजरत आयेशा (रजि.) तो खेळ पाहत होत्या आणि प्रेषितांनी (स.) त्यांना आपल्या आडोशाला उभे केले होते. पण त्याच दमात ते हेही म्हणाले, की या एका गोष्टीवरून सगळेच चालते असे समजू नका. काय गायले जाते, कोण पाहते आणि त्यात नमाज तर जात नाही ना, हे बघा. ज्या घरांना एवढेही मान्य नसेल, त्यांच्याशी आमचा वाद नाही. आम्ही मात्र त्या तीन प्रश्नांतूनच आमचे नियम केले.

नियम चार होते. चेहरा दिसणार नाही, फक्त घोट्याखालची पावले किंवा मनगटापुढचे हात. सिनेमाचे गाणे नाही, ताल घरातलाच. व्हिडिओ असर आणि मगरिबच्या मधल्या वेळात होईल, अभ्यासाच्या वेळी नाही. आणि घरातल्या एकाचीही 'ना' असेल, तर तो बाहेर जाणार नाही. चेहऱ्याचा नियम ऐकून मुलगी पहिल्यांदा रुसली. मग तिनेच शोधून काढले, की फक्त पाय दिसत असले की चूक लपवायला जागाच राहत नाही. तोंडावरच्या हसण्याने भागत नाही.

पहिले तीन महिने लेझीम. हा शब्द फारसीतून आलेला. इराणच्या जोरखान्यात अजूनही लोखंडी साखळीचे धनुष्य घेऊन व्यायाम करतात, आपली लेझीम त्याच घराण्यातली. आखाड्याला आपण 'तालीम' म्हणतो, तो शब्द अरबी. त्याचा अर्थ शिक्षण. 'शाहीर' आणि 'डफ' हे शब्दही तिकडूनच आले आणि मराठी मातीत असे मुरले, की आता ते परके वाटत नाहीत. पेशवाईच्या उत्तरकाळात लावण्या-पोवाड्यांत ज्यांचे नाव होनाजी बाळाच्या बरोबरीने घेतले जाते, ते सगनभाऊ मुसलमानच होते. ही माहिती मुलांना आम्ही धडा म्हणून दिली नाही. लेझीम हातात घेतल्यावर त्यांनीच विचारले, हिला लेझीम का म्हणतात? तेव्हा सांगितली.

सांगलीच्या थोरल्या मुलाचा या कामात मोठा आधार झाला. २६ जानेवारी २०१४ रोजी सांगलीत ७,३३८ जणांनी एकाच वेळी लेझीम खेळून गिनीज विक्रम केला होता. सांगली शिक्षण संस्थेच्या त्या उपक्रमात तो होता, तेव्हा शाळकरी. तो मोबाइलवर बहिणीला सांगायचा, "हजारो लोकांत सगळ्यांत अवघड काय होतं माहितीये? पुढच्याच्या पुढे न जाणं."

अब्बा खुर्चीत बसून स्टीलच्या ताटलीवर चमच्याने ताल धरायचे. तरुणपणी गावच्या तालमीत हलगी-घुमक्यावर ते घाटी लेझीम खेळलेले. त्यांचा क्रम ठरलेला होता : आधी पाय, मग हात, मग आवाज. पाय बसल्याशिवाय ते लेझीम हातात घेऊ देत नसत. एका मिनिटासाठी दोन-दोन तास जायचे. सातव्या-आठव्या आठवड्यात मुलीचा उत्साह ओसरला. बघणारे मोजून तीस-चाळीस. तेव्हा अम्मींनीच, ज्या आधी विरोधात होत्या त्यांनीच, तिला समजावले, की अल्लाहला तेच काम अधिक आवडते, जे थोडे असले तरी सातत्याने केले जाते. त्या म्हणाल्या, "ये बात सिरफ नमाज-रोजे के वास्ते नईं, हर भले काम के वास्ते है."

एप्रिलच्या मध्यावर रमजान लागला आणि त्याच सुमारास राज्यात पुन्हा निर्बंध आले. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागायचा. रमजानात नाच नको, यावर सर्वांचे एकमत होते. मग त्या चार जुम्यांना काय करायचे? मुलांनी जुन्या लेझिमी काढल्या. पहिल्या जुम्याला गंजलेल्या साखळीला तेल, दुसऱ्या जुम्याला ढिल्या चकत्या, तिसऱ्याला दांड्याला कानस, चौथ्याला दोन्ही घरच्या दुरुस्त लेझिमींचा नुसता आवाज. त्या चार व्हिडिओंत कुणी नाचत नाही. तरी आम्हाला त्या वर्षातले तेच फार आवडतात. १४ मे रोजी ईद झाली, तीही शुक्रवारीच. त्या दिवशी सांगलीच्या गच्चीवर धाकट्या मुलींनी फुगडी घातली. शिलाईतून उरलेल्या कापडांचे त्यांचे घागरे अजून घरात आहेत.

जूनमध्ये घाव बसला. कुणा अनोळखी माणसाने आमचा एक व्हिडिओ उचलला, त्यावर भलतेच गाणे चढवले आणि खाली घाण मजकूर लिहिला. मुलगी दिवसभर जेवली नाही. घरात पुन्हा तोच सूर उमटला, बंद करा हे सगळे. पण त्या व्हिडिओत चेहरा नव्हता, नाव नव्हते, शाळेचा गणवेश नव्हता. ती मुलगी कोण, हे जगात कुणालाच कळणार नव्हते. आम्ही आधी स्क्रीनशॉट घेऊन ठेवले, मग ॲपवर तक्रार केली. काही दिवसांनी तो व्हिडिओ निघाला. इतरांना आपला व्हिडिओ वापरू देणारी 'रिमिक्स'ची सोय सेटिंगमध्ये बंद केली. आणखी वाढले असते, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळ होतेच. तिथे महिला व मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. मुलीला आम्ही एवढेच सांगितले, की लाज त्याने वाटून घ्यायची, तू नाही. पुढच्या जुम्याला व्हिडिओ झाला. तो कुठेही टाकला नाही, घरच्या ग्रुपवरच ठेवला. पण झाला.

२१ जुलैला बकरी ईद झाली आणि आभाळ फाटले. २२ च्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघरला दरड कोसळली. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५० च्याही वर गेले. २०१९ च्या महापुराची ओल भिंतींतून अजून गेली नव्हती. सांगलीच्या घराने शिलाईची मशीन, कपड्यांचे गठ्ठे आणि कुराण शरीफ घेऊन उंचावरच्या एका नातेवाइकाचे घर गाठले. फोन लागत नव्हते. साताऱ्याचे घर दोन रात्री जागे होते. आमच्या यादीत २३ जुलैच्या ओळीत नुसती तारीख आहे. ती ओळ आम्ही नंतर कधी भरून काढली नाही.

३० जुलैला घर धुणे चालले होते. गुडघाभर गाळ. चौघे जण खराट्याने तो ओढत होते. थोड्या वेळाने चारही खराटे आपोआप एका ठेक्यात पडू लागले. थोरल्याने ते मिनिटभर टिपले आणि साताऱ्याला पाठवले. अब्बांनी ते तीनदा ऐकले आणि म्हणाले, "चार मात्रा बराबर है." त्या घरात आठवड्याभरात पहिल्यांदा कुणी हसले असेल, तर ते हे ऐकून.

२० ऑगस्टला आशुरा होता, तोही जुमाच. आमच्या घरात त्या दिवशी रोजा असतो. शिवाय त्या वर्षी साथीमुळे मिरवणुकांवर बंधने होती. अब्बांचे मूळ गाव कडेगावच्या बाजूचे. कडेगावचे उंचच उंच ताबूत आणि त्यांच्या भेटी साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहेत, तिथे हिंदू घरांकडेही ताबुतांचा मान आहे. त्या भागात मोहरममध्ये करबल खेळत. काही घरांना ते पटत नाही, आमच्याही नात्यात मतभेद आहेत. आम्ही त्या दिवशी फक्त अब्बांचे बोलणे टिपले. व्हिडिओत त्यांच्या गुडघ्यांवरचे दोन हात दिसतात. ते सांगतात, तरुणपणी दहा पावले येत होती, आता सात आठवतात. नातीने हट्ट धरला. गावातल्या त्यांच्या जुन्या सोबत्याला फोन लावला, ते शेतकरी मराठा घरातले, वय अब्बांएवढेच. त्यांनी आठवे पाऊल सांगितले. फोनवर दोन म्हातारे तोंडाने ठेका धरत होते आणि आम्ही सगळे गप्प बसून ऐकत होतो. उरलेली दोन पावले कुणालाच आठवली नाहीत. ती गेली.

त्या संध्याकाळनंतर मुलीने दिसण्याचा विषय काढला नाही. उरलेले अठरा-एकोणीस आठवडे ती लोकांकडून पावले गोळा करत राहिली. दिवाळीनंतर भावाबरोबर आटपाडीकडे जाऊन, परवानगी घेऊन, धनगरी गजी मंडळाची ढोलावर पडणारी पावले आणि हातातले रुमाल टिपले. ३१ डिसेंबरला शेवटचा व्हिडिओ झाला : अब्बांची ताटली आणि चमचा, पाय नाहीतच.

यातून आम्ही काय शिकलो? मुलांच्या हातचा मोबाइल हिसकावणे सोपे, पण त्यांच्या हातात दुसरे काही द्यायचे, तर आपला वेळ द्यावा लागतो. दर आठवड्याला दोन तास आम्ही दिले, ते आम्हालाच लाभले. दुसरे असे, की नियम आधी ठरले, म्हणून संकटात ते ढाल झाले. नंतर केलेला नियम मुलांना शिक्षा वाटतो. तिसरे, एक मिनिट लहान असते, म्हणूनच ते ५२ वेळा होऊ शकले. तासाभराचे ठरवले असते, तर फेब्रुवारीतच सुटले असते. आणि चौथे, रमजान, पूर, आशुरा यांनी कामात खंड पाडला असे वाटते, पण आज सगळ्यांत जास्त तेच आठवडे आठवतात.

आपल्या घरी पावले नसतील. कुणाच्या अम्मींच्या हातची गोधडी असेल, कुणाच्या नानींचे लग्नातले गाणे, कुणाच्या चाचांचे गवंडीकाम. जे असेल ते मिनिटभर टिपा, आणि टिपताना मुलांना विचारायला लावा. बुजुर्गांना कंटाळा येत नाही, विचारणारे कुणी नसते एवढेच. आणि एक व्यवहाराची गोष्ट : व्हिडिओ दोन घरी ठेवा. पुरात सांगलीच्या पेन ड्राइव्हमध्ये पाणी गेले. साताऱ्याची प्रत होती, म्हणून आज आमच्याकडे पहिल्या जुम्यापासूनचे सारे आहे, आणि आठवे पाऊलही.