मुराळी

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आठ दिवसांवर आली की खानदेशात घरोघरी एकच विचारणा सुरू होते: मुराळी कोण जाणार? सासरी गेलेली लेक सणाला आपली आपण पिशवी उचलून येत नाही. तिला आणायला माहेरचं माणूस जावं लागतं, तिच्या घरचा चहा घ्यावा लागतो, आणि मग ती त्याच्यासोबत निघते. आमच्या घरचे मुराळी म्हणजे अप्पा. त्यांची थोरली बहीण, आमची आत्या, कन्नडला दिलेली. धुळ्याहून चाळीसगाव, तिथून कन्नडचा घाट. तोही ऐन वैशाखात, पारा त्रेचाळीसला टेकलेला असताना, पांढऱ्या मारुती आठशेतून.

गाडी १९९६ सालची. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन आणि त्यावर कार्ब्युरेटर. २००० सालापासून आठशेला इंजेक्शन आलं, २०१४च्या जानेवारीत तर ती बनायचीच थांबली. अप्पांनी मात्र गाडी बदलली नाही. आत्या तिला ‘माझा छकडा’ म्हणायची.

मग एका आखाजीला छकडा घाटात उभा राहिला. पुढे ट्रकांची रांग, पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी चढ, आणि एका वळणावर इंजिन दोनदा अडखळून गप्प झालं. अप्पांनी बॉनेट उघडलं, खांद्यावरचा पंचा बाटलीतल्या पाण्यात भिजवून एसी पंपावर, म्हणजे पेट्रोलच्या पंपावर, ठेवला आणि कठड्यावर बसून राहिले. वीस मिनिटांनी गाडी चालू झाली. पुढच्या वर्षी दोनदा बंद पडली. त्याच सुमाराला गाडीत पेट्रोलचा वासही येऊ लागला होता. उन्हात दहा मिनिटं उभी केली की परत चालू व्हायला ती खूप दमवायची. आत्याला त्या वासाने मळमळायचं, म्हणून ती मुठीत लिंबू धरून बसू लागली.

तिसऱ्या वर्षी अप्पा गेलेच नाहीत. फोनवर म्हणाले, ‘‘आक्का, गाडी थकली गं. मीही थकलो.’’ आत्या दोन वर्षं एसटीने आली. मग तिचे गुडघे धरले आणि आखाजीला तिचं येणं थांबलं. आम्ही सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं. उलट मीच अप्पांना सांगत होते की आता या वयात घाट नको. गाडीचा दोष आम्ही त्यांच्या वयाच्या खाती मांडला, आणि त्यांनीही तो मुकाट्याने मांडून घेतला.

गेल्या दिवाळीनंतर अप्पा गेले. यंदा आखाजीला त्यांच्या नावाची घागर पहिल्यांदा भरायची होती. घागरीवर डांगर ठेवायचं, सांजोरी ठेवायची, आणि त्या वेळी त्यांची बहीण पाटाशी नसावी, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. भाड्याची गाडी करता आली असती. पण मला तिला अप्पांच्याच गाडीतून आणायचं होतं.

आग्रा रोडवरच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात मी, अप्पा ज्यावर ओला पंचा ठेवायचे, त्या पंपाचा फोटो दाखवला. म्हातारे दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘ताई, या पंपाला तीन नळ्या असतात. एक टाकीकडून येते, एक कार्ब्युरेटरला जाते. तुमची तिसरी कुठंय?’’

तिसरी होती. म्हणजे पंपाचं तिसरं तोंड होतं. त्यावर बोटभर रबराचा तुकडा चढवून त्यात एक बोल्ट ठोकून बसवला होता आणि वरून क्लिप आवळली होती. कुठल्याशा दुरुस्तीत परतीची नळी चिरलेली निघाली असेल. नवी आणण्याऐवजी कुणीतरी तिचं तोंडच बंद करून टाकलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. उत्कलनबिंदू हा शब्द दरवर्षी फळ्यावर लिहिते. पाण्याला एक उत्कलनबिंदू असतो, पेट्रोलला नसतो. ते अनेक द्रवांचं मिश्रण, त्यातले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांपासूनच वाफ होऊ लागतात. हे मी मुलांना सांगितलेलं आहे. आणि त्रेचाळीस अंशांच्या उन्हात, तापलेल्या बॉनेटखाली अप्पा ओला पंचा ठेवत होते, तेव्हा ते मला आठवलं नाही.

हा पंप म्हणजे लोहाराचा छोटा भाताच. इंजिन फिरतं, कॅम एक दांडी हलवतो, दांडी रबरी पडदा ओढते, स्प्रिंग तो परत ढकलते. दोन झडपा पेट्रोलला मागे फिरू देत नाहीत. वर कार्ब्युरेटरच्या वाटीत एक फुगा असतो, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसा. वाटी भरली की फुगा वर येतो आणि निडल वाट बंद करते. मी हिशेब मांडून पाहिला. लिटरला पंधरा किलोमीटर आणि ताशी साठचा वेग धरला, तर तासाला चार लिटर, म्हणजे मिनिटाला पासष्ट-सत्तर मिलिलिटर. कटिंग चहाएवढं. रांगेत उभ्या गाडीला तर त्याहूनही किती कमी. पंप याच्या कितीतरी पट देऊ शकतो. मग उरलेल्याने करायचं काय?

परतीची नळी नसेल, तर उरलेलं जागीच थांबतं. इंजिनाच्या धगीशी, बोटाएवढ्या नळीत, पुढेही जाता येत नाही आणि मागेही नाही. तिथे त्याची वाफ होते. पंप द्रव ढकलू शकतो. वाफेचा बुडबुडा भात्यात सापडला की तो नुसताच दबतो आणि फुलतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. मिस्त्री याला वेपर लॉक म्हणतात. आणि इंजिन बंद केल्यावर तर धग आणखी वाढते, कारण पाणी फिरायचं थांबतं, वारा थांबतो. नळीतलं पेट्रोल फुगतं, निडलला दाबून वाटीत घुसतं, ओव्हर होतं. आत्याच्या मुठीतल्या लिंबाचं कारण हे होतं.

परतीची नळी असली, की इंजिनाला लागेल तेवढं वर जातं आणि बाकीचं फिरून टाकीत येतं. तापलेलं निघून जातं, त्याच्या जागी टाकीतलं ताजं येतं. चुकून बुडबुडा झालाच, तर तोही याच वाटेने माघारी जातो. बोल्ट काढल्यावर मी त्या तिसऱ्या तोंडात बॅटरी मारून पाहिलं. आत एवढंसं छिद्र होतं, सुईच्या नेढ्याहून जरासं मोठं. ते मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं. सगळंच पेट्रोल माघारी पळालं तर कार्ब्युरेटर उपाशी राहील. ज्याने कुणी हे छिद्र आखलं, त्याने देणं आणि ठेवणं दोन्ही तोलून पाहिलं होतं. मला त्या माणसाला भेटावंसं वाटलं.

आमचं मूळ गाव साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. तिथे फडाचं पाणी होतं. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि शेतं भिजल्यावर उरलेलं पाणी नदीत परत जायला वेगळी वाट. शेकडो वर्षांची रीत. ती परतीची वाट गाळाने बुजली तर पाणी शेतात साचून पीक कुजतं, हे तिथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. अप्पांना हे लहानपणापासून ठाऊक होतं. कुणीतरी त्यांना तो बोल्ट दाखवायला हवा होता. बाकीचं त्यांनी एका क्षणात ओळखलं असतं.

एका रविवारी पहाटे इंजिन थंडगार असताना कामाला लागले. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, अंगणात वाळूची बादली ठेवली, आईने देवापुढचा दिवासुद्धा मागे ढकलला. आत बॉनेटखाली मागच्या पत्र्यालगत लोखंडी नळ्यांची तोंडं आहेत. एकीतून पेट्रोल येतं, ती फिल्टरला जोडलेली. उरलेल्यांतली एक टाकीतल्या वाफेची आणि एक परतीची. या दोघींची गल्लत झाली तर सगळंच फसतं. वाफेच्या नळीवर तिचं रबर शाबूत होतं. दुसरीच्या तोंडावर कधीकाळी गुंडाळलेली काळी टेप वाळून गळाली होती आणि आत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं.

माती आत ढकलली असती तर ती टाकीत गेली असती. म्हणून गाडीखाली सतरंजी टाकून आडवी झाले, टाकीपाशी असलेली रबरी जोडणी सोडवली आणि मागून पुढे हवा मारली, सायकलच्या पंपाने. आधी तारेच्या आकड्याने तोंडाशी कोरून घेतलं होतं. चौथ्या-पाचव्या दाबाला पुढे आईच्या हातातल्या फडक्यावर मातीचे खडे पडले. त्यांत माशीच्या अळीचं वाळलेलं कवचही होतं. मग मागची जोडणी नव्या नळीने केली, पुढे येऊन पुन्हा हवा मारली आणि आईला म्हटलं, ‘‘टाकीचं झाकण उघड आणि कान दे.’’

आई पदर नाकाशी धरून वाकली. मी पंप दाबला.

‘‘बोलतेय गं,’’ ती म्हणाली. ‘‘माठ भरताना गुडगुडतो ना, तशी.’’

म्हणजे वाट मोकळी होती, आणि नळीही तीच होती.

आता राहिली होती पंपापासून त्या लोखंडी तोंडापर्यंतची नळी. एक वीत, फार तर सव्वा. दुकानदारांनी मला पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घेऊ दिली नव्हती. ती इंजिनाच्या उष्णतेने कडक होते आणि तडकते. ‘‘इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुनी रबरं टिकत नाहीत. घेताय तर चांगली घ्या,’’ म्हणाले, आणि जुना तुकडा मोजून त्याच मापाची कापून दिली. नळी तोंडावर बोटभर आत सारली, क्लिपा कडेपासून थोड्या आत बसवल्या, कुठे मुरड पडत नाही, तापलेल्या भागाला टेकत नाही, हे हाताने चाचपून पाहिलं. एवढंच काम. मातीचा वेळ सोडला तर अर्ध्या तासाचं.

एका वितीच्या नळीपायी किती आखाज्या गेल्या, याचा हिशेब मी करत बसले नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. केला. बोल्ट ठोकणाऱ्या हाताचा मला राग आहे. त्याने काम अडू दिलं नाही, गाडी त्या दिवशी चालू करून दिली, हेही खरं. पण त्याने कुणाला सांगितलं नाही. ‘‘तात्पुरतं केलंय, नळी बदलून घ्या,’’ एवढं वाक्य अप्पांच्या कानावर पडलं असतं तर पुरे होतं.

बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. पाच मिनिटं, मग पंधरा मिनिटं, प्रत्येक सांध्यावर कोरडं बोट फिरवून पाहिलं. कुठे ओल नव्हती. इंजिन चालू असतानाच मी मागे जाऊन टाकीचं झाकण उघडलं. आत खूप बारीक धार पडत होती. पावसाळ्यात रात्री पागोळी गळते तशी, एका लयीत. मी तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिले.

आखाजीच्या दोन दिवस आधी निघाले. चाळीसगाव सोडल्यावर डोंगराची रांग समोर आली तशी हाताला घाम सुटला. घाटात रांग होतीच. पहिला गिअर, दुसरा, पुन्हा पहिला. ते वळण आल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि मुद्दाम बंद केली. गाडीत पाण्याची बाटली होती, अप्पांचा पंचाही होता. बंद केल्यावर दहा मिनिटांनी बॉनेटखाली सगळ्यात जास्त तापतं, म्हणून बरोबर दहा मिनिटं कठड्यावर बसले. खाली चाळीसगावचं सपाट रान उन्हात पांढरं पडलं होतं. मग किल्ली फिरवली. दुसऱ्या फेऱ्याला इंजिनाने पकड घेतली.

कन्नडला आत्या ओट्यावरच बसली होती, पायाशी पिशवी. गाडी ओळखून ती उठली आणि ड्रायव्हरच्या जागी कोण आहे ते डोळ्यांवर हात धरून बघू लागली. मी उतरून पाया पडले. तिने माझ्या हातांची काळी झालेली नखं पाहिली, काही बोलली नाही. तिच्या सुनेने चहा दिला, तो मी बसून, रीतीने घेतला.

निघताना ती पुढे बसली. घाट उतरायला लागलो तेव्हा तिने सवयीने पिशवीतून लिंबू काढलं, नाकाशी नेलं आणि थबकली. काच खाली केली, पुन्हा वर केली. एकदा मागच्या सीटकडे वळून पाहिलं. चाळीसगाव येईपर्यंत ते लिंबू तिच्या मुठीत तसंच होतं.