घोड्याचा डबा

लग्न होऊन मी माथेरानला आले, तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकघरातले डबे दाखवता दाखवता फळीवरचा एक पत्र्याचा डबा हाती दिला. आत थोड्या नोटा होत्या. "हा घोड्याचा. यातला पैसा घरात वापरायचा नाही," त्या म्हणाल्या. मला हसूच आलं.

माथेरानात मोटारी येत नाहीत. दस्तुरी नाक्यावर त्या थांबतात. तिथून पुढे तेव्हा पायी, घोड्यावर, हातरिक्षाने किंवा छोट्या गाडीने जायचं. आमचं घर दोन घोड्यांवर चालायचं. दिवाळीत आणि मे महिन्यात ह्यांना जेवायलाही फुरसत नसे. पाऊस लागला, की सगळं थंडावायचं. नेरळहून वर येणारी गाडी बंद, लाल वाटा निसरड्या. भाडं नसलं तरी घोड्याला हरभरा, कोंडा, गवत रोज लागतंच. नालबंदाचे पैसेही महिना-सव्वा महिन्याने द्यावेच लागतात.

एका उन्हाळ्यात मीच हट्ट धरला. शेजारी रंगीत टीव्ही आला होता. "चार दिवसांत परत भरू," म्हणत डबा रिकामा केला. पाऊस लवकर आला. हाती पैसा नाही, म्हणून स्वस्तातलं भिजलेलं गवत घेतलं. त्याला बुरशी होती. आमचा राजा पोटशुळाने रात्रभर लोळत राहिला. हे त्याला उठवून फिरवत होते, मी कंदील धरून उभी. पहाटे तो गेला. सासूबाई मला एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त डबा पुसून पुन्हा फळीवर ठेवला.

तेव्हापासून प्रत्येक फेरीमागे डब्यात पैसे टाकायचे, ही सवय मोडली नाही. 2020 च्या टाळेबंदीत माथेरान सुनंसुनं झालं, तेव्हा आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. पण घोड्यांचा दाणा चुकला नाही.

2022 च्या डिसेंबरात इथे प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा आल्या. आमच्या फेऱ्या कमी झाल्या. तक्रार तरी कुठल्या तोंडाने करू? माझा नातू त्याच रिक्षाने शाळेत जातो. मुलाने एक घोडा विकला, एक ठेवला. तो पर्यटकांना पॉइंटवर घेऊन जातो, झाडांची नावं सांगतो. दमलेल्या घोड्यावर जास्तीची फेरी लादत नाही. काही गिऱ्हाइकं रागावून जातात, काही पुढच्या वर्षी त्यालाच शोधत येतात.

हा धंदा आणखी किती वर्षं चालेल, मला सांगता येत नाही. परवा सूनबाई म्हणाली, "आई, पत्रा गंजलाय, नवा डबा आणू का?"

मी म्हटलं, "आण. पण तोही घोड्याचाच बरं का!"