मूळ न पाहिलेला प्रेक्षक

रूपांतराची चर्चा करणाऱ्या समीक्षकाने बहुधा दोन्ही कृती पाहिलेल्या असतात. मूळ कृतीतले काय राहिले, काय गळले आणि काय नव्याने आले याचा हिशेब मांडणे, ही या चर्चेची रूढ पद्धत. मूळ कृतीशी निष्ठा हा निकष सैद्धान्तिक पातळीवर केव्हाच मागे पडला असला, तरी निकष बदलल्याने हिशेबनीस बदललेला नाही. तो मूळ जाणणाराच राहिला आहे. लिंडा हचन यांनी रूपांतराच्या सिद्धान्तावरील आपल्या २००६ च्या ग्रंथात मूळ जाणणारा आणि मूळ न जाणणारा असे प्रेक्षकांचे दोन वर्ग केले व दुसऱ्या वर्गासाठीही रूपांतर स्वबळावर उभे राहिले पाहिजे असे म्हटले. मात्र हा दुसरा प्रेक्षक नेमके काय पाहतो, याची विचारपूस अजूनही क्वचितच होते. त्याच्याकडे काहीतरी कमी आहे असे गृहीत धरले जाते. त्याच्याजवळ असे काही आहे का, की जे जाणकाराजवळ असूच शकत नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

कार्टूनवरून जिवंत नटांना घेऊन चित्रपट केला जातो, तेव्हा हा प्रश्न अधिक धारदार होतो. कादंबरीतील नायकाचा चेहरा वाचकागणिक वेगळा असतो. त्याला पडद्यावर एक चेहरा देण्याचे स्वातंत्र्य दिग्दर्शकाला आपोआप मिळते. कार्टूनमधील पात्राला मात्र आधीच एक रेखीव, सर्वपरिचित दृश्यरूप असते. त्या रूपापासून दूर जावे, तर पात्र हरवते. जवळ राहावे, तर रेषेचे नियम हाडामांसाच्या देहावर लादावे लागतात. मूळ कृती येथे रूपांतराच्या अंगावर गोंदल्यासारखी असते. ज्याने मूळ पाहिलेले नाही त्यालाही गोंदण दिसते. वाचता मात्र येत नाही.

रॉबर्ट ऑल्टमन यांनी दिग्दर्शित केलेला ‘पॉपाय’ (१९८०) हे याचे मासलेवाईक उदाहरण. पटकथा जूल्स फायफर या व्यंगचित्रकार-नाटककाराची, गाणी हॅरी निल्सन यांची, पॉपायच्या भूमिकेत रॉबिन विल्यम्स आणि ऑलिव्ह ऑईलच्या भूमिकेत शेली डुव्हाल. चित्रीकरणासाठी माल्टा बेटावर समुद्रकाठी स्वीटहेवन नावाचे एक संबंध लाकडी गाव उभारले गेले. ते आजही तेथे पर्यटकांसाठी उभे आहे. अनाथासारखा वाढलेला एक खलाशी हरवलेल्या बापाच्या शोधात होडी वल्हवत या गावात येतो, अशी कथेची सुरुवात आहे.

मूळ न जाणणारा प्रेक्षक या सुरुवातीला काय पाहतो? किनाऱ्याला लागताच प्रत्येक गोष्टीवर कर मागणारा करवसुलीदार, अदृश्य राहून गाव ताब्यात ठेवणारा कमोडोर, त्याच्या वतीने दांडगाई करणारा ब्लुटो, आणि हे सारे निमूट सोसणारे, एकमेकांकडे न पाहता बोलणारे गावकरी. हे त्याला पूर्णपणे कळते. परक्याविषयीचा संशय आणि सत्तेविषयीची लाचारी समजण्यास कार्टूनची ओळख लागत नाही. पण त्याच वेळी काही गोष्टी त्याला अडवतात. या माणसाचे हात कोपरापासून मनगटापर्यंत असे का फुगले आहेत? एक डोळा सदैव मिटलेला का? तो तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, निम्मे शब्द ऐकू येत नाहीत. हा ध्वनिमुद्रणातील दोष समजावा की स्वभावविशेष? शेजारी मूळ जाणणारा कोणी बसला असेल तर तो नेमका याच ठिकाणी हसतो. ते हास्य ऐकून मूळ न जाणणाऱ्याच्या लक्षात येते की पडद्यावर आताच कोणाची तरी कोणाशी भेट झाली, आणि त्या भेटीचे आमंत्रण आपल्याला नव्हते.

त्या पुटपुटण्याचे मूळ कार्टूननिर्मितीच्या एका जुन्या पद्धतीत आहे. १९३३ पासून मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या बंधूंनी पॉपायचे कार्टूनपट काढले. त्यांच्या स्टुडिओत चित्रे आधी तयार होत आणि आवाज मागाहून भरला जाई. जॅक मर्सर हा आवाज देणारा नट चित्रातील ओठ हलत नसतानाही स्वतःशीच काहीबाही बोलत राही. प्रक्रियेतून अशी निपजलेली ही लकब पुढे पात्राचा स्वभाव ठरली. विल्यम्सचे पुटपुटणे हे त्या लकबीचे अवतरण आहे. जाणकार त्यात गतस्मृती ऐकतो. अजाण प्रेक्षकाला ऐकू येते ती एका एकट्या माणसाची स्वतःशीच बोलण्याची सवय. दुसरे आकलन कमी प्रतीचे म्हणण्याचे कारण नाही. कदाचित चित्रपटाच्या अनुभवाला तेच अधिक लागू आहे. बापाची भेट होते तेव्हा तोच मिटका डोळा, तेच फुगीर हात, तीच बोलण्याची ढब त्याच्यातही दिसते आणि उसने घेतलेले विद्रूप नात्याची खूण बनते. येथे रूपांतराने मुळाचे ऋण स्वतःच्या नाण्यात फेडले आहे.

सर्वत्र असे घडत नाही. पालकाचा डबा हे त्याचे उदाहरण. चित्रपटातील पॉपायला पालक आवडत नाही. अखेरच्या झुंजीत ब्लुटो त्याला डिवचण्यासाठीच पालक जबरदस्तीने खाऊ घालतो आणि त्याच्या अंगी अचाट बळ येते. जाणकाराला ही लांबवलेली, उलटी फिरवलेली थट्टा वाटते, कारण पालक खाताच काय होणार हे त्याला ठाऊक आहे. अजाण प्रेक्षकासमोर मात्र पूर्वकथा न सांगता फळाला आलेला एक वर आहे. पाठोपाठ हरलेला ब्लुटो अंगावरील कपड्यांसह पिवळा होतो आणि पोहत पळून जातो. इंग्रजीत भित्र्या माणसाला पिवळा म्हणतात. तो वाक्प्रचार कार्टूनच्या रीतीने येथे अक्षरशः घडवला आहे. मराठीत भीतीने माणूस पांढराफटक पडतो. त्यामुळे मराठी प्रेक्षक येथे दोन पायऱ्या खाली राहतो: कार्टूनची रीत अपरिचित आणि वाक्प्रचारही परका. या जागी चित्रपट स्वतः काही घडवत नाही. प्रेक्षकाने सोबत आणलेल्या शिदोरीवर तो चालतो.

या अनुभवाचा उलगडा करण्यासाठी भारतीय काव्यशास्त्रातील एका जुन्या वादाकडे वळणे उपयुक्त ठरेल. नट हा रामाचे अनुकरण करतो व प्रेक्षक त्यावरून स्थायी भावाचे अनुमान करतो, असे शंकुकाचे मत. रंगमंचावरील रामाची प्रतीती खरी, खोटी, संशयाची किंवा सादृश्याची नसून चित्रातील घोड्याला घोडा म्हणावे तशी ती असते, हा त्याचा प्रसिद्ध चित्रतुरगन्याय. यावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांचा आक्षेप ‘अभिनवभारती’त नोंदलेला आहे. कोणी दूध पिऊन मद्यपानाची नक्कल केली, तर ती नक्कल म्हणून ओळखण्यासाठी मद्यपान आणि दुग्धपान दोन्ही पाहिलेले असावे लागते. रामाची रती तर कोणीच पाहिलेली नाही. मग प्रेक्षकाला ते अनुकरण म्हणून प्रतीत होईलच कसे? भट्टतौतांच्या या आक्षेपात मूळ न पाहिलेला प्रेक्षक हाच नाट्यानुभवाचा सर्वसाधारण प्रेक्षक आहे, आणि रसप्रतीतीची उपपत्ती त्याच्यापासूनच सुरू व्हावी लागते.

कार्टूनवरील चित्रपटाने शंकुकाचा दृष्टान्त उलटा केला आहे. चित्रातील घोडा येथे जिवंत होतो, पण त्याने चित्रासारखेच धावावे अशी अपेक्षा असते. कार्टूनमधला देह ताणला, चेपला, भिंतीवर आदळला तरी त्याला वजन नसते म्हणून वेदनाही नसते. ऑल्टमन यांनी सर्कशीतील कसरतपटू घेऊन हे हलकेपण साधू पाहिले, तरी पडणाऱ्या माणसाचा भार कॅमेऱ्यापासून लपत नाही. जाणकार त्या देहावर रेषा आरोपित करतो आणि हसतो. अजाण प्रेक्षकाला देहच दिसतो. त्यामुळे या गावातील मारामारीत त्याला हास्याइतकेच दुःखही जाणवते.

ज्याला ‘मूळ’ म्हणायचे ते तरी एक आहे काय? ई. सी. सीगर यांची ‘थिंबल थिएटर’ ही वृत्तपत्रीय चित्रमालिका १९१९ मध्ये सुरू झाली. पॉपाय तिच्यात १७ जानेवारी १९२९ रोजी, म्हणजे मालिका नऊ वर्षे चालल्यानंतर अवतरला. त्याचे आरंभीचे बळ पालकाचे नव्हते. एका जादूच्या कोंबडीला कुरवाळल्याने ते आले होते. पालक मागाहून आला आणि फ्लायशर बंधूंनी त्याचे ठरीव सूत्र केले. ब्लुटोही सीगरकडे अल्पकाळ आलेला. त्याला कायमचा प्रतिस्पर्धी बनवले कार्टूनपटांनी. फायफर यांची निष्ठा सीगरच्या मालिकेशी होती. चित्रपटाच्या आरंभी जुन्या धर्तीचा कार्टून पॉपाय क्षणभर अवतरतो आणि आपण भलत्याच चित्रपटात आलो असे सांगतो. त्याला आवाज जॅक मर्सरचाच आहे. हा विनोद जाणकारांनाच उद्देशून आहे: तुम्हाला माहीत असलेले मूळ येथे मिळणार नाही. कार्टून पाहून आलेला बहुसंख्य प्रेक्षक सीगरच्या बाबतीत अजाणच होता. जाणता आणि अजाण हे भेद अशा रीतीने सापेक्ष ठरतात.

मराठी रंगभूमीला हा प्रेक्षक नवा नाही. देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ (१९१६) मोलिएरच्या प्रहसनावरून इंग्रजीच्या वाटेने आले. बहुसंख्य मराठी प्रेक्षकांना मोलिएर ठाऊक नव्हता आणि त्यावाचून त्यांचे काही अडले नाही. फाल्गुनराव, आश्विनशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती या महिन्यांच्या आणि नक्षत्रांच्या नावांची संगती मराठी कानाला आपसूक लागते. सीगरनेही ऑलिव्ह ऑईल, कॅस्टर ऑईल अशी तेलांच्या नावांची घराणेशाही रचली होती. चित्रपटाला ती जशीच्या तशी उचलावी लागली. देवलांनी स्वतःची रचली. त्यांच्या रूपांतराने मूळ पचवले होते. कार्टूनवरील चित्रपटाला मूळ मिरवावे लागते, कारण त्याच्या ओळखीवरच तो विकला जातो. मूळ न पाहिलेल्याची अडचण या मिरवण्यातून निर्माण होते, त्याच्या अज्ञानातून नव्हे.

याचा संबंध साहित्याच्या अध्यापनाशीही पोहोचतो. आज विद्यार्थी अनेक कृतींना प्रथम त्यांच्या रूपांतरांतून भेटतात, आणि आधी मूळ वाचून या असे त्यांना सांगण्याचा अध्यापकीय प्रघात आहे. प्रघाताचा हेतू उत्तम असला तरी त्याने एक पुरावा नाहीसा होतो. रूपांतर कोठे स्वतःच्या पायावर उभे आहे आणि कोठे दुसऱ्याच्या खांद्यावर, हे मूळ न पाहिलेल्यालाच प्रत्यक्ष जाणवते. जाणकाराला ते तर्काने शोधावे लागते. मूळ एकदा पाहिल्यावर ते न पाहिल्याची अवस्था पुन्हा प्राप्त होत नाही. म्हणून विद्यार्थ्याला मुळाकडे पाठवण्यापूर्वी तो कोठे अडखळला, कोठे विनाकारण थबकल्यासारखे वाटले, हे त्याच्याकडून लिहवून घेतले पाहिजे. मूळ वाचून झाल्यावर ही टिपणे पुन्हा उघडली, तर कृतीचे सांधे त्यांतच सापडतील.

‘पॉपाय’मध्ये ऑलिव्ह रात्री एकटीच एक गाणे म्हणते, कोणाला तरी आपली गरज आहे, एवढाच त्याचा आशय. शेली डुव्हालच्या काहीशा चाचरत्या स्वरातील हे गाणे पॉल थॉमस अँडरसन यांनी २००२ मधील आपल्या ‘पंच-ड्रंक लव्ह’ या चित्रपटात पुन्हा वापरले. तेथे ते ऐकणाऱ्या अनेकांनी ना सीगर वाचला होता, ना फ्लायशर पाहिला होता, ना ऑल्टमन. तरीही गाणे त्यांच्यापर्यंत पोहोचते, कारण ते कार्टूनमधून आलेले नाही. स्वीटहेवनच्या त्या लाकडी गावातच ते जन्माला आले.